लिंकनच्या घरातली माणसं: एका फ्लेक्सच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

वाचनालयाची मीटिंग झाली. १२ फेब्रुवारीला लिंकनचा जन्मदिवस, त्या आठवड्यात मुलांच्या विभागात छोटं प्रदर्शन करायचं ठरलं. मागच्या वर्षी शास्त्रज्ञ झाले होते, यंदा कुणीतरी लिंकन म्हणालं आणि सगळे लगेच गुलामगिरी, यादवी युद्ध, गेटिसबर्गचं भाषण असं सुरू झाले, मी मधेच तोंड उघडलं की हे सगळं पुस्तकात असतंच, आपण त्याच्या घरातली माणसं दाखवू, वंशावळ करू, पोरांना मजा येईल. झालं. काम माझ्याच गळ्यात.

एक फ्लेक्स, सहा बाय चार. वर आजोबा, खाली पणतवंडं, जमेल तिथे फोटो. पैसे फ्लेक्सपुरते मंजूर, चहा आपापला.

ग्रंथपाल मॅडमनी जागा दाखवली ती दारातून आत शिरल्यावर समोरची भिंत, म्हणजे जिथे ते फ्रेममधलं पत्र आहे. तेच ते, लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. आमच्या शाळेतही होतं, ऑफिसच्या बाहेर, फी भरायला रांगेत उभं राहिलं की तेच वाचत बसायचं, अर्धं अजून पाठ आहे. त्या भिंतीला भक्कम खिळा एकच आहे आणि त्यावर सध्या पत्र आहे. मॅडम म्हणाल्या आठवडाभर काढू, पण परत लावायचं हां.

७ जानेवारी, बुधवार

सुरुवात पत्रापासूनच केली. म्हटलं कुठल्या मुलाबद्दल लिहिलंय ते कळलं की त्याच्याच चौकटीशेजारी दोन ओळी टाकू.

मुलगे चार. रॉबर्ट १८४३चा, एडी १८४६चा, विली १८५०चा, टॅड १८५३चा. एडी चार वर्षांचा व्हायच्या आधीच गेला. विली आणि टॅड व्हाइट हाउसमध्ये राहायला आले तेव्हा त्यांना शिकवायला मास्तर घरीच यायचे. आणि टॅडला तर बाप होता तोवर नीट वाचताही येत नव्हतं, त्याचा टाळू जन्मतः दुभंगलेला, बोलणं बाहेरच्यांना कळायचं नाही, अभ्यासाला बसवायचं नाव कुणी काढत नसे. राहिला रॉबर्ट, तर त्याच्या शाळेच्या वयात बाप स्प्रिंगफील्डमध्ये वकिली करत गावोगावच्या कोर्टात फिरत होता.

मग हे हेडमास्तर कोण? लिंकनची पत्रं, भाषणं, तारा, अगदी दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा करून जाडजूड खंडांत छापलेल्या आहेत आणि नेटवर शोधता येतात. दोन तास शोधलं. हे पत्र त्यात नाही. कुणीतरी नंतर रचलंय आणि लिंकनच्या नावावर चिकटवलंय, जसं आपल्याकडे व्हॉट्सॲपवर कुणाच्याही कविता कुणाच्याही नावावर फिरतात तसं.

वाईट वाटलं खरंच. पाठ केलेलं होतं हो.

मॅडमना अजून सांगितलं नाहीये.

१० जानेवारी, शनिवार

एक्सेल उघडलं. चार कॉलम: नाव, जन्म, मृत्यू, लिंकनशी नातं. पहिले तीन पटापट भरले, चौथ्यात गाडी रुतली. इंग्रजीत जिथे तिथे अंकल, आंट, कझिन, ब्रदर-इन-लॉ. मी आपलं "अंकल" असंच टाईप करत गेले तर आई मागून चष्मा वर करून वाचत होती, म्हणाली, "अंकल म्हणजे कोण? काका का मामा? का मावशीचा नवरा?" म्हटलं आई तिकडे सगळ्यांना अंकलच म्हणतात. "म्हणू देत. त्याला बाप होता ना, आई होती ना, मग हा कुणाच्या बाजूचा ते लिहायला काय जातंय?"

बरोबरच आहे. आता चौथ्या कॉलमसाठी प्रत्येक माणसाची कुंडली काढावी लागणार.

पहिला अंकल सुटला. मॉर्डकाय लिंकन, थोरले काका. गोष्ट अशी की लिंकनच्या आजोबांचं नावही अब्राहम लिंकनच, व्हर्जिनियातून केंटकीत जंगल तोडून शेती करायला आलेले. १७८६ मध्ये शेतात काम करताना तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात ते मारले गेले. सोबत तीन मुलगे होते. धाकटा थॉमस आठेक वर्षांचा, बापाच्या प्रेताजवळच राहिला, त्याला उचलायला एकजण पुढे आला तेवढ्यात थोरल्या मॉर्डकायने घरातून बंदूक आणून त्याला गोळी घातली. थॉमस वाचला, म्हणून पुढे अब्राहम जन्मला. पण तेव्हाच्या तिथल्या कायद्याप्रमाणे बापाची सगळी मालमत्ता थोरल्या मुलाला, त्यामुळे जीव वाचवणारा भाऊ जमीनदार झाला आणि वाचलेला भाऊ दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करत आणि सुतारकाम करत वाढला.

नातवाला आजोबांचं नाव ठेवलं यावर आई खूश. "मग आपल्यासारखंच की."

१४ जानेवारी, बुधवार (संक्रांत)

आज काम करायचं नव्हतं पण डेनिस हँक्स डोक्यातून जाईना.

प्रत्येक ठिकाणी याला लिंकनचा "कझिन" लिहिलंय. हा माणूस मजेशीर आहे, लिंकनपेक्षा दहा वर्षांनी मोठा, लहानपणी एकत्र राहिलेला, आणि लिंकन गेल्यानंतर तब्बल १८९२ पर्यंत जगला, त्यामुळे लिंकनच्या बालपणाच्या निम्म्या गोष्टी याच्याच तोंडच्या. तर हा कझिन नक्की कसा? लिंकनची आई नॅन्सी हँक्स. तिच्या आईचं नाव ल्यूसी. ल्यूसीच्या एका बहिणीचं नावही नॅन्सी हँक्सच (या लोकांनी नावं जरा वेगळी ठेवली असती तर माझे दोन दिवस वाचले असते). त्या मावशी-नॅन्सीचा मुलगा डेनिस. तिचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याला दुसऱ्या एका मावशीने वाढवलं.

तिळाचे लाडू वळता वळता आईला विचारलं. तिने एक सेकंदही घेतला नाही. "आईचा मावसभाऊ. मग मामाच की तो."

मामा! गेली दीडशे वर्षं सगळे त्याला कझिन म्हणतायत आणि आमच्या ओट्यावर तो एका झटक्यात मामा झाला.

पुढे अजून आहे. सप्टेंबर १८१८ मध्ये इंडियानात दुधाच्या आजाराची साथ आली. गाई रानात एक पांढऱ्या फुलांचं झुडूप खायच्या, त्याचं विष दुधात उतरायचं, आणि ते दूध पिऊन माणसं मरायची, का मरतायत तेच कुणाला माहीत नव्हतं. डेनिसला वाढवणारे मावशी आणि तिचा नवरा त्यात गेले आणि पाठोपाठ ५ ऑक्टोबरला नॅन्सी गेली. अब्राहम नऊ वर्षांचा, बहीण सारा अकरा. शवपेटी थॉमसनेच केली, फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या पोराने तासल्या असं सांगतात. डेनिस मग लिंकनांच्याच घरात राहायला आला. वर्षभर त्या झोपडीत एकही मोठी बाई नाही, अकरा वर्षांची पोर सगळ्यांचं रांधतेय.

मग थॉमस केंटकीत परत गेला आणि डिसेंबर १८१९ मध्ये सारा बुश जॉन्स्टन नावाच्या विधवेशी लग्न करून आला. तिची तीन मुलं. त्यातली थोरली मुलगी एलिझाबेथ, आणि काही वर्षांत डेनिसने तिच्याशीच लग्न केलं. म्हणजे मामा सावत्र बहिणीचा नवरा झाला.

आई लाडू खाली ठेवून हसायला लागली. "मामाच दाजी झाला!"

आणि धाकटी मटिल्डा, तिने डेनिसच्या भावाशी लग्न केलं, आई एक बाप वेगळे असा भाऊ. म्हणजे बहिणी-बहिणीच एकमेकींच्या जावा. फ्लेक्सवर या कोपऱ्यात रेषा इतक्या एकमेकांवरून गेल्यात की रांगोळीचा कार्यक्रम झालाय.

१८ जानेवारी, रविवार

इथे मात्र मराठी अडकली.

सावत्र आईचा मुलगा जॉन जॉन्स्टन, त्याच्याशी अब्राहमचं रक्ताचं काहीच नातं नाही. आणि लिंकनची बायको मेरी टॉड, तिच्या बापाची दोन लग्नं, दुसरीची मुलं ही मेरीची भावंडं, बाप एकच. इंग्रजीत या दोन्ही प्रकारांना वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दोघेही "सावत्र". आईला विचारलं तर तीही गप्प झाली, मग म्हणाली, "आपण सांगताना सांगतो ना, एका बापाचे, दोन आयांचे." सांगताना ठीक आहे, एका इंचाच्या चौकटीत काय लिहू? शेवटी एक बाप असेल तर सलग रेषा, काहीच रक्त नसेल तर तुटक रेषा. खाली सूची टाकेन.

सावत्र आईबद्दल दोन ओळी जास्त घ्यायच्यात. आपल्याकडे सावत्र आई म्हटलं की गोष्टीतलीच आठवते. ही बाई आली ती गाडीभर सामान घेऊन, कपाट, गाद्या, भांडी, आणि आल्या आल्या थॉमसला झोपडीत लाकडी जमीन घालायला लावली, तोवर मातीच होती. तिला लिहिता येत नव्हतं पण सावत्र पोराच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन त्याला कामाला लावायचं नाही हे तिने पाळलं. लिंकन तिला मामा म्हणायचा (इंग्रजीतलं मामा, आई, उगाच गोंधळू नको). जानेवारी १८६१ च्या शेवटी, अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघायच्या आधी, वाट वाकडी करून तिला भेटायला गेला.

सख्ख्या बापाचं उलट. थॉमस १७ जानेवारी १८५१ ला वारला. त्याआधी जॉनने दोन पत्रं पाठवली होती की बाप जातोय, ये. लिंकनने १२ जानेवारीला उत्तर लिहिलं, बायको बाळंतपणाने अंथरुणावर आहे (विली तीन आठवड्यांचा होता), आणि पुढे लिहिलं की आत्ता आम्ही भेटलो तर आनंदापेक्षा त्रासच जास्त होईल की काय. गेला नाही. अंत्यविधीलाही नाही. दोन वर्षांनी धाकट्या मुलाचं नाव मात्र थॉमस ठेवलं, तोच टॅड. जन्मला तेव्हा डोकं मोठं, अंग बारीक, म्हणून बापाने लाडाने बेडकाच्या पिल्लाचं नाव (इंग्रजीत टॅडपोल) दिलं तेच राहिलं.

फ्लेक्सवर बापाशी पटत नव्हतं हे लिहायचं का? पोरांसाठी आहे. नाही लिहिलं. सावत्र आईच्या भेटीचं लिहिलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल.

२१ जानेवारी, बुधवार

टॉड मंडळी. देवा.

केंटकीतल्या लेक्सिंग्टनचे पैसेवाले, गुलाम राखणारे लोक. मेरी १८१८ ची, सहा वर्षांची असताना आई गेली, बापाने दुसरं लग्न केलं, दोन्ही मिळून चौदा मुलं मोठी झाली. लिंकन म्हणायचा म्हणे की देवाला इंग्रजीत एक डी पुरतो, टॉडना दोन लागतात. फ्लेक्सवर घ्यायचा होता हा विनोद, पण देवनागरीत टॉड लिहिलं की ड एकच, विनोद मेला.

मेरीच्या सख्ख्या बहिणी तीन, एलिझाबेथ, फ्रान्सिस, ॲन, तिघी स्प्रिंगफील्डमध्येच दिलेल्या. एलिझाबेथच्या घरी राहायला आलेली मेरी तिथेच लिंकनला भेटली, ४ नोव्हेंबर १८४२ ला लग्नही त्याच बहिणीच्या घरात लागलं. फ्रान्सिसचा नवरा डॉक्टर विल्यम वॉलेस, त्याच्यावरून विलीचं पूर्ण नाव विल्यम वॉलेस लिंकन. म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं नाव भाच्याला. हे आईला पटलं नाही. "मावसाचं नाव कुणी ठेवतं का?"

मग आले ब्रदर-इन-लॉ, आणि इथे माझ्या अंगावर काटा आला. इंग्रजीत वाचताना मी दहा वेळा वाचून पुढे गेले असेन की बेंजामिन हेल्म हा लिंकनचा ब्रदर-इन-लॉ. चौथ्या कॉलममध्ये टाईप केलं: साडू. आणि एकदम समोर दोन माणसं दिसली, सासुरवाडीला एकाच पंगतीत बसलेली.

हेल्म म्हणजे मेरीची सावत्र बहीण एमिली हिचा नवरा (सलग रेषा). एमिली मेरीपेक्षा अठरा वर्षांनी लहान, मेरीच्या मुलीच्याच वयाची म्हणा. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू होताना एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने साडूला बोलावून सैन्यात पगारवाटप अधिकाऱ्याची मेजरच्या हुद्द्याची नोकरी देऊ केली, सुरक्षित, पगारी, घरच्या माणसासाठी केलेली सोय. हेल्म विचार करतो म्हणाला आणि दक्षिणेकडून लढायला गेला, जनरल झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत गेला.

मेरीचे सावत्र भाऊ सॅम्युएल शायलोला गेला, अलेक्झांडर बॅटन रूजजवळ, दोघेही १८६२ मध्ये, दोघेही दक्षिणेकडून. डेव्हिड जखमी. सख्खा भाऊ जॉर्ज दक्षिणेच्या सैन्यात सर्जन. अध्यक्षाच्या बायकोला आपल्या भावांसाठी चारचौघांत रडायची सोय नाही, उत्तरेतले लोक तिला हेर म्हणणार, दक्षिणेतले गद्दार. काळे कपडे ती तशीही घालतच होती, फेब्रुवारी १८६२ मध्ये विली व्हाइट हाउसमध्येच तापाने गेला होता, अकरा वर्षांचा.

नवरा गेल्यावर एमिली मुलीला घेऊन उत्तरेकडे निघाली. सरहद्दीवर अडवली, निष्ठेची शपथ घे म्हणाले, नाही म्हणाली. लिंकनने तार केली, तिला माझ्याकडे पाठवा. डिसेंबर १८६३ मध्ये शत्रूच्या जनरलची विधवा व्हाइट हाउसमध्ये मोठ्या बहिणीकडे राहायला आली. काय बोलल्या असतील दोघी. त्या घरच्या आठवणींत एक गोष्ट आहे, टॅड आणि एमिलीची छोटी मुलगी शेकोटीजवळ फोटो बघत बसलेले, टॅडने बापाचा फोटो दाखवून सांगितलं हा अध्यक्ष, ती म्हणाली नाही, अध्यक्ष जेफरसन डेव्हिस (तो दक्षिणेचा अध्यक्ष), आणि दोघांची जुंपली. लिंकनने दोघांना दोन मांड्यांवर घेतलं. मावस भावंडं ती.

हे फ्लेक्सवर घेणारच. एका बाजूचा फोटो छोटा करावा लागला तरी चालेल.

२५ जानेवारी, रविवार

आज मुलगे. त्या खंडांतल्या खऱ्या पत्रांतून प्रत्येकाबद्दल एकेक ओळ शोधली, खोट्या पत्राची भरपाई म्हणून.

टॅडसाठी: ९ जून १८६३, मेरी आणि टॅड फिलाडेल्फियाला गेलेले, लिंकनची तार, टॅडचं पिस्तूल काढून ठेवलेलं बरं, मला त्याच्याबद्दल वाईट स्वप्न पडलं. एवढीच. हाताखाली लाखोंचं सैन्य आणि काळजी दहा वर्षांच्या पोराच्या पिस्तुलाची. दोन महिन्यांनी अजून एक पत्र, त्यात टॅडला सांग तुझी शेळी हरवली. व्हाइट हाउसमध्ये दोन बोकडं-शेळ्या पाळलेल्या होत्या, एक गायब. आई म्हणाली कुणीतरी कापून खाल्ली असणार.

रॉबर्टसाठी: हा हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत १८५९ मध्ये सोळापैकी पंधरा विषयांत नापास. मग एक्झेटरच्या शाळेत वर्षभर तयारी करून पास झाला. युद्धात भरती व्हायला आई सोडेना, दोन मुलं आधीच गेलेली. शेवटी १९ जानेवारी १८६५ ला लिंकनने उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटला पत्र लिहिलं, मी अध्यक्ष नाही फक्त मित्र आहे असं समजून वाचा, माझा मुलगा आता बाविसाव्या वर्षात आहे, हार्वर्डमधून पदवी घेतलीय, युद्ध संपायच्या आधी थोडं बघायचं म्हणतोय, तुमच्या हाताखाली नावापुरता हुद्दा देऊन ठेवता येईल का, खर्च सरकार नाही, मी करीन. वशिलाच हा. पण किती अवघडून लावलेला वशिला. आणि लोकांची पोरं तीन-चार वर्षं मरत होती हेही खरं, ते काही माझ्या मनातून जाईना.

आणि मग आजचा बोनस. रॉबर्टबरोबर स्प्रिंगफील्डचा त्याचा मित्र जॉर्ज लॅथमही हार्वर्डच्या परीक्षेला बसला होता. रॉबर्ट पास, जॉर्ज नापास. २२ जुलै १८६० ला लिंकनने त्या मित्राला पत्र लिहिलं. तेव्हा हा माणूस अध्यक्षपदाचा उमेदवार, घरी माणसांची रीघ, आणि बसून लिहितोय की काल बॉबच्या (म्हणजे रॉबर्टच्या) पत्रातून कळलं तुला प्रवेश मिळाला नाही, आयुष्यात क्वचितच एवढं वाईट वाटलं असेल, पण खचून गेला नाहीस तर यात काही बिघडलेलं नाही, परत बस, होशील.

म्हणजे शाळेतल्या पोरासाठी लिंकनने लिहिलेलं खरं पत्र होतंच की. भिंतीवर भलतंच लागलंय. रात्री साडेअकरापर्यंत बसून मराठीत केलं, पोस्टकार्डावर मावेल एवढंच आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

मेरीच्या शेवटच्या वर्षांवर आई आणि मी भांडलो.

१८६५ मध्ये नवरा शेजारी बसलेला असताना मारला. १८७१ मध्ये टॅड गेला, अठराव्या वर्षी. राहिला एकटा रॉबर्ट, शिकागोत वकील. मेरी हॉटेलात राहायची, पडद्यांची, हातमोज्यांची डझनावारी खरेदी करायची, आपण भिकेला लागणार असं वाटायचं आणि सुमारे ५६ हजार डॉलरचे रोखे परकराच्या आत शिवून फिरायची. १९ मे १८७५ ला तिला हॉटेलातून थेट कोर्टात नेलं, खटला आहे हे तिला त्याच दिवशी कळलं, वकीलही समोरच्यांनीच ठरवून दिलेला. बारा पुरुषांची ज्युरी. डॉक्टर, हॉटेलचे नोकर, दुकानदार यांच्या साक्षी झाल्या आणि शेवटी मुलाची, रडत दिलेली. त्याच दिवशी निकाल, वेडी. बटाव्हियाच्या एका खाजगी संस्थेत ठेवलं.

मी म्हटलं रॉबर्टचंही बघ, बाप, तीन भाऊ गेले, आई अशी, पैसे परकरात, उद्या कुणी लुबाडलं असतं तर? आई म्हणाली, "पैसे तिचे होते ना? मग परकरात ठेवेल नाहीतर पिंपात." आजीपण शेवटी नोटा पिंपात ठेवायची, ते मला माहीत आहे, त्यामुळे पुढे बोलले नाही.

सुटका कुणी केली तर मायरा ब्रॅडवेल या बाईने, जिला बाई म्हणून वकिलीची परवानगी नाकारली होती, तिने वर्तमानपत्रांतून दबाव आणला. आणि ठेवून घेतलं मेरीच्या थोरल्या बहिणीने, एलिझाबेथने. जून १८७६ मध्ये कोर्टाने शहाणी ठरवली. मेरी मग फ्रान्समध्ये पो नावाच्या गावात चार वर्षं एकटी राहिली. परत आली ती एलिझाबेथकडेच, १६ जुलै १८८२ ला तिथेच गेली. जिच्या घरी लग्न लागलं तिच्याच घरी. आई म्हणाली एलिझाबेथची चौकट मोठी कर. केली.

४ फेब्रुवारी, बुधवार

खालच्या दोन पिढ्या पटकन उरकल्या. रॉबर्ट युद्धमंत्री झाला, लंडनमध्ये राजदूत झाला, पुलमन या रेल्वेडबे कंपनीचा अध्यक्ष झाला, भरपूर कमावलं. त्याची विचित्र गोष्ट म्हणजे १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्डवर गोळी झाडली तेव्हा तो त्याच स्टेशनवर होता, १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लीवर झाडली तेव्हा त्याच गावात. आणि तरुणपणी जर्सी सिटीच्या फलाटावरून गाडीखाली जाता जाता ज्याने कॉलर धरून वर ओढलं तो नट एडविन बूथ, पुढे लिंकनला मारणाऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. सिनेमात दाखवलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रॉबर्टला मेमी, जॅक आणि जेसी. जॅक म्हणजे दुसरा अब्राहम लिंकन, परत आजोबांचं नाव नातवाला. लंडनला असताना एका गळवाची जखम चिघळली आणि १८९० मध्ये सोळाव्या वर्षी गेला. लिंकन आडनाव तिथेच थांबलं. मुलींकडून पणतवंडं तीन, तिघांनाही मूल नाही. त्यातला शेवटचा, जेसीचा मुलगा रॉबर्ट बेकविथ, २४ डिसेंबर १९८५ ला गेला.

१९८५! माझ्या दादाचं बारसं झालं ते वर्ष. आईला सांगितलं तर तिने फक्त "कुणीच नाही मागे?" विचारलं आणि भाजी निवडत बसली.

८ फेब्रुवारी, रविवार

फ्लेक्सच्या दुकानात प्रूफ बघायला गेले. युनिकोड फाईल त्यांच्या मशीनवर उघडली की जोडाक्षरं सुटतात, म्हणून तिथल्या पोराने सगळं परत टाईप केलं होतं. "विल् यम", "हेंकस", ठीक आहे, हे अपेक्षित होतं. पण चौकट नंबर १४: बेंजामिन हेल्म, दक्षिणेचा जनरल, लिंकनची साडी.

"ताई, साडू असतंय होय? मला वाटलं तुमचं चुकलंय."

मग त्याला लिंकन आणि मेरीचा एकत्र फोटो हवा होता, मधे जोडीचा लावला की बॅनर उठून दिसतं म्हणे. नाहीच आहे, दोघांचा एकत्र फोटो सापडत नाही, तो सहा फूट चार इंच, ती पाच फूट दोन इंच, तिला आवडायचं नाही असं सांगतात. "मग जोडून देऊ का? पाच मिनिटाचं काम." नको म्हटलं. लग्नाच्या बॅनरवर गेलेल्या आजोबांना जोडून देतात ना, त्यांना सवय आहे. दोघांचे वेगळे फोटो शेजारी शेजारी ठेवले.

खाली उजव्या बाजूला पणतवंडांच्या खाली हातभर जागा मोकळी राहतेय. तिथे गुलाब टाकू का, का वाचनालयाच्या कमिटीचे फोटो टाकू? दोन्ही नको. तुटक आणि सलग रेषांची सूची तिथे सरकवली, तरी थोडी राहिलीच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फ्लेक्स आला. २४ स्क्वेअर फूट, आयलेट मारून. साडू बरोबर आहे. मटिल्डाचं "मटील्डा" झालंय, राहू दे.

मॅडमना आज पत्राचं सांगितलं. त्या बराच वेळ फ्रेमकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या रिटायर झालेल्या सरांनी भेट दिलीय ती." मग म्हणाल्या, "पण लिहिलंय तर चांगलं ना?" चांगलंच लिहिलंय, त्यात वाद नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सातवीचा एक वर्ग, दुपारी पाचवीचे दोन. पोरं सगळी शेळीच्या चौकटीशी. एका मुलीने मामा आणि दाजी एकच माणूस कसा ते बोटाने रेषा गिरवत मैत्रिणीला समजावलं, माझ्यापेक्षा भारी समजावलं. एका आजोबांनी सगळा फ्लेक्स पायजम्याच्या खिशात हात घालून वाचला आणि मला विचारलं की साडू समोरून लढला तर मग मेहुणीला घरात घेतली कशी, लोक काय म्हणाले? म्हटलं बोलले की, एक जनरल तोंडावर बोलला की या बंडखोर बाईला घरात ठेवू नका, तर लिंकन म्हणाला आमच्याकडे पाहुणे कोण यावेत ते मी आणि माझी बायको ठरवतो. आजोबांनी मान हलवली आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले.

एकानेही विचारलं नाही की ते पत्र कुठे गेलं. एकाने, खरं तर शिपाईमामांनी विचारलं, ते धूळ पुसतात रोज म्हणून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परवा शिवजयंती, भिंत मोकळी हवी. फ्लेक्स गुंडाळून मुलांच्या विभागातल्या कपाटावर टाकला. फ्रेम परत खिळ्यावर.

जॉर्ज लॅथमला लिहिलेलं पत्र लॅमिनेट करून आणलं होतं, वीस रुपये पदरचे. त्याला खिळा नाही. मॅडम म्हणाल्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात लाव, काचेला नको, भिंतीला. सेलोटेपने लावलंय, बघू किती दिवस टिकतंय, भिंतीला ऑइलपेंट आहे आणि पुढे पावसाळा आहेच.